ताईच्या गोळ्या

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी घरी आले आहे, खाते-पिते आहे आणि आज सकाळी यांच्याशी कडाक्याचं भांडलेसुद्धा. तेव्हा काळजी करण्यासारखं काही नाही हे तूच ओळख.

यांनी तुझ्या शेजारच्या वकीलबाईंना फोन करून जे काही सांगितलं त्यातलं निम्मं सोडून दे. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना 'घाबरू नका' म्हणण्यात यांची सगळी नोकरी गेली. पण स्वतः घाबरले की काय बोलतात ते यांचं यांना कळत नाही. 'गेली होती, परत आली' हे काय बोलणं झालं? वकीलबाईंना वाटलं असेल, मी सहलीला गेले होते. झालं एवढंच, की दुकानात जरा चक्कर आली. हॉस्पिटलवाल्यांनी दोन दिवस ठेवून घेतलं, सलाईन लावलं, सोडलं. फोनवर सांगितलं असतं, पण तुझं कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं आणि मी ओरडायला लागले की अख्ख्या गल्लीला माझी तब्येत कळते. म्हणून पत्र.

खरी बातमी वेगळीच आहे. हेडबाईंचे केस!

हेडबाई म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. दर महिन्याला माझ्याकडे केस रंगवायला येतात. त्यांना हवा असतो फिकट तपकिरी, 'वयाला शोभेल असा'. मला चक्कर आली तेव्हा त्यांच्या डोक्यावर रंग थापलेला होता, आणि त्या गोंधळात तो धुवायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. संध्याकाळी धुतला तोवर केस कोळशासारखे काळे झाले होते आणि कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत काळा पट्टा. बँकेतल्या माणसाने म्हणे दोनदा ओळखपत्र मागितलं. मी हॉस्पिटलात माफी मागितली तर म्हणाल्या, "तू आधी नीट बस. केसांचं मी बघते." आता डोक्याला रुमाल बांधून हिंडतात आणि कुणी विचारलं की सांगतात, "धाडसाची हौस आली होती."

दुकान आठवडाभर बंद ठेवलंय. यांनी दारावर पाटी लावली, ती मी काल पाहिली. घरात पडलेली नोकरीतलीच पाटी शोधून काढली आणि टांगली: 'दुरुस्तीचे काम चालू आहे. कृपया जिन्याचा वापर करावा.' दोन बायका खरोखर जिना चढून वर आल्या. एकीचे तर मग यांनीच, मला विचारून विचारून, पुढचे केस कापून दिले. ती पुन्हा येईल असं वाटत नाही.

स्वयंपाकही हेच करतात. रोज सूप. कालचं कशाचं होतं ते त्यांनाही सांगता आलं नाही.

कमर म्हणशील तर आहे तशीच आहे. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उरलेल्या गोळ्यांचं पाकीट पोचलं होतं हे मागे लिहायचं राहून गेलं. पोचलं. आणखी काय लिहू त्याबद्दल? तुझी माया ती.

तुझी,
धाकटी


२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. गुडघ्याचा व्यायाम करतेस की नुसताच बघतेस? पायऱ्या उतरताना अजून एकेक पाय खाली ठेवावा लागतो असं लिहिलंस. ऑपरेशनला इतके महिने होऊन गेल्यावर तसं व्हायला नको असं आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी मुद्दाम विचारलं त्यांना.

आमच्या डॉक्टरीणबाई नव्या आहेत. हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या पाठीची दोन ऑपरेशनं केली, फोटो काढले, म्हणाले, 'फोटोत सगळं उत्तम आहे.' मी म्हटलं, मग माझ्याऐवजी तो फोटोच दुकानात उभा करते. त्यांनी गोळ्या वाढवल्या. या नव्या बाई फक्त दुखणं बघतात. ऑपरेशन नाही, काही नाही. वयाने अगदी लहान, आणि केस इतके वाईट कापलेले की माझे हात शिवशिवत होते. पहिल्याच दिवशी विचारलं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतं?" मी म्हटलं, "उभी असताना, बसलेली असताना, की गिऱ्हाईक पैसे न देता निघून जातं तेव्हा?" त्या हसल्या नाहीत. सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "शून्य होणार नाही. ते मी कबूल करत नाही. आपण चारपर्यंत आणू आणि चार असताना काय काय करता येतं ते बघू." इतक्या वर्षांत माझ्याशी खरं बोललेलं हे पहिलं डॉक्टर माणूस. मला रडूच आलं, आणि मग दोन ऑपरेशनांत रडले नाही ती एका आकड्यावर रडले म्हणून स्वतःचाच राग आला.

तर आता माझ्या गोळ्या उतरवायचं काम चालू आहे. एकदम बंद करायच्या नाहीत, पायरी पायरीने कमी करायच्या. वाटलं होतं त्याहून जड जातंय. घाम येतो, सारखं नाक वाहतं, जांभया तर अशा की यांनी विचारलं, माझं बोलणं इतकं कंटाळवाणं आहे का. परवा तर चहात साखर कमी पडली म्हणून मी कपच सिंकमध्ये फेकला. साखर मीच घातली होती! यांनी काचा उचलल्या आणि दुसऱ्या कपात चहा आणून दिला. साखर जरा जास्तच होती त्यात.

माझ्या गोळ्या यांनी हत्यारांच्या पेटीत, पान्याशेजारच्या कप्प्यात ठेवल्यात. पेटीला कुलूप, किल्ली यांच्या खिशात. ठरलेल्या वेळेला एक गोळी तळहातावर ठेवतात आणि मी गिळेपर्यंत समोर उभे राहतात. पहिल्या दिवशी मी फार चिडले. मी काय लहान मूल आहे? औषधाच्या दुकानातली मुलगीही हल्ली माझं नाव पुन्हा पुन्हा तपासून बघते, आणि मागच्या रांगेतली माणसं माझ्याकडे. मला ओरडून सांगावंसं वाटतं, अहो, मला मजा नको आहे, मला फक्त उभं राहून केस कापायचे आहेत.

तू विचारलंस, गोळ्या लागू पडल्या का, आणखी पाठवू का. वकीलबाई इकडे येणार आहेत त्यांच्याबरोबर देते म्हणालीस. नको पाठवूस, ताई. आत्ता नकोच. का ते पुढे कधीतरी सांगेन. मला आता बरं आहे, एवढंच धरून चाल.

हेडबाईंचा पट्टा फिका झालाय. पण केस मात्र काळेच ठेवायचे म्हणताहेत.

तुझी,
धाकटी


२७ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. हे स्वतः घेऊन येताहेत. तू वाचत असशील तेव्हा ते समोर खुर्चीवर बसलेले असतील आणि भिंतीकडे बघत असतील, कारण त्यांना सगळं माहीत आहे आणि ते तुला ओरडून सांगणं त्यांना जमणार नाही. त्यांना आधी पाणी दे. मग वाच.

काल तुझं पत्र आलं. त्यात तू सहज लिहिलंस, की गुडघा फार ठणकला की हल्ली तू झोपेच्या गोळीबरोबर त्याच गोळ्यांतली एक घेतेस आणि 'मग दुपारपर्यंत जगाचं भान राहत नाही, छान वाटतं'. मी ते वाक्य यांना वाचून दाखवलं. यांनी जेवण तसंच ठेवलं आणि गाडीचं वेळापत्रक काढलं.

ताई, मला चक्कर आली नव्हती.

त्या दिवशी शनिवार होता. सकाळपासून गिऱ्हाइकांची रीघ. माझी गोळी घेऊन झाली होती, वर आणखी एक माझ्याच मनाने घेतली होती. तसं मी बऱ्याच दिवसांपासून करत होते, यांना न सांगता. तरी दुपारी कमरेत कुणीतरी पाना घालून पिळतंय असं होऊ लागलं. हेडबाई यायच्या होत्या. मग तुझं पाकीट आठवलं. तुझी गोळी वेगळ्या रंगाची, नाव वेगळं, आकार वेगळा. मला वाटलं, वेगळं औषध असणार. ते ह्याच्यावर घेतलं तर काय बिघडतं. आणि ती होती मोठी. मला मोठी गोळी गिळता येत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तू माझ्यासाठी गोळ्या चमच्याखाली कुटून द्यायचीस. मीही तसंच केलं. कंगव्याच्या मुठीने चुरली, मधात कालवली आणि चाटून टाकली.

दोन्ही औषधं एकच होती, ताई. फक्त कंपन्या वेगळ्या. आणि तुझी गोळी दिवसभर हळूहळू विरघळायची असते, म्हणून ती अख्खीच गिळायची असते. मी ती चुरली, म्हणजे दिवसभराचं औषध एका चाटणात पोटात गेलं.

खोटं सांगत नाही, फार छान वाटलं. हेडबाईंच्या डोक्याला रंग लावून होईपर्यंत कमर नावाची वस्तू मला नव्हतीच. मी त्यांना म्हटलं, "रंग मुरू दे, मी जरा टेकते." बाजूच्या खुर्चीत बसले. पुढचं मला काहीच आठवत नाही. आता सांगते ते हेडबाईंनी सांगितलेलं.

मी घोरायला लागले. त्यांना हसू आलं. म्हणाल्या, बिचारी दमली असेल, झोपू दे. मासिक उघडून वाचत बसल्या. घोरणं वाढत गेलं, मधूनच घशात गुळण्या केल्यासारखं व्हायला लागलं. मागच्या खोलीतून यांनी आवाज दिला, "आज इंजिन जोरात आहे!" म्हणजे ते दोघंही हसत होते, ताई, आणि मी तिथे बुडत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की असं घोरणं म्हणजे झोप नसतेच, श्वास अडत असतो. आता कळलं आपल्याला. तुलाही कळलेलं असू दे.

मग आवाज थांबला. हेडबाईंनी मान वर केली आणि आरशात माझं तोंड बघितलं. ओठ निळे पडले होते. त्यांनी हाक मारली, हलवलं, यांना ओरडून बोलावलं. यांनी अँब्युलन्सला फोन लावला. स्वतःच्या घराचा पत्ता धड सांगता येईना. आणि हेडबाईंनी, डोक्यावर तो चिखल घेऊन, माझी हनुवटी वर धरली, खांदा गदागदा हलवला आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "श्वास घे! ऐकू येत नाही का? घे श्वास!"

आणि मी घेतला. हे म्हणतात, अगदी नापास मुलीने घाबरून उत्तर द्यावं तसा.

"शाब्बास. आता पुन्हा."

असं त्या म्हणत राहिल्या आणि मी घेत राहिले. त्या थांबल्या की मीही थांबायची. अँब्युलन्सवाले आले, त्यांनी नाकात उताऱ्याच्या औषधाचा फवारा मारला आणि मी डोळे उघडले. पहिलं वाक्य काय बोलले असेन? "बाई, रंग धुवा आधी!" कुणी माझं ऐकलं नाही. हॉस्पिटलात जाईपर्यंत उताऱ्याचा जोर ओसरला आणि मी पुन्हा बुडाले, त्यांनी पुन्हा दिला. औषध पोटात होतंच ना. म्हणून दोन दिवस ठेवलं.

एक गोष्ट तुला सांगायची नव्हती, पण आता एवढं लिहिलंच आहे तर लिहिते. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "मुद्दाम घेतल्यात का?" मी नाही म्हटलं. त्यांनी दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारलं. हे पलंगाच्या कडेला उभे होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला दिसलं, की तोच प्रश्न त्यांनाही विचारायचा आहे. घरी आल्यावर बटाटे सोलता सोलता, माझ्याकडे न बघता, विचारलंच: "कंटाळली होतीस का गं?"

मी म्हटलं, "दुखण्याला कंटाळले होते. तुम्हाला नाही. दुकानालाही नाही."

ते म्हणाले, "मग ठीक आहे." आणि सबंध पातेलंभर बटाटे सोलून ठेवले. आम्ही दोघं, आणि बटाटे सहा माणसांचे.

आता तू काय म्हणशील ते मला ऐकू येतंय. 'माझ्यामुळे झालं.' म्हणूनच लिहीत नव्हते. ताई, तू पाकीट पाठवलंस, चमच्याने भरवलं नाहीस. तू आयुष्यभर तुझ्यातलं अर्धं मला देत आलीस: खोडरबर, पांघरूण, आईची मांडी. मीही न विचारता घेत आले. या वेळी विचारायला हवं होतं, एवढंच.

पण तू आता ती गोळी झोपेच्या गोळीबरोबर घेतेस, घरात एकटी, कानाचं यंत्र काढून ठेवलेलं. तुझं घोरणं कोण ऐकणार? तुझ्या बाजूला हेडबाई नाहीत.

त्या दोन गोळ्या एकत्र कधीच घ्यायच्या नाहीत. बाकी तुझं काय चालू ठेवायचं, काय बंद करायचं ते तुझ्या डॉक्टरांना उद्याच विचार; हे तुझ्याबरोबर येतील. बाटली यांच्या हातात दे. आत्ता दे. पत्राची घडी नंतर घाल.

धाकटी


८ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. हे सुखरूप पोचले. तुझ्या डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं यांनी मला पाठ म्हणून दाखवलं. बाटली औषधाच्या दुकानात परत दिली. तिथल्या त्याच मुलीने ती घेतली आणि या वेळी माझ्याकडे बघून हसली. तुझा निरोपही मिळाला. यांनी तो आल्या आल्या नाही सांगितला. जेवण झालं, भांडी झाली, मग पेटीवर बसले आणि म्हणाले, "तुझ्या बहिणीने पत्र वाचलं, चष्मा काढला, आत गेली, बाटली आणून माझ्यापुढे आदळली आणि म्हणाली, तिला सांगा, त्या उरलेल्या नव्हत्या."

मला आधी कळलंच नाही. मग यांनी समजावून सांगितलं. ऑपरेशननंतर तुला दिलेल्या गोळ्यांमधल्या तू एकाआड एक बाजूला काढत होतीस. स्वतः कळा सोसत. 'तिची पाठ जुनी आहे, माझा गुडघा नवा आहे' म्हणालीस म्हणे.

म्हणून तुला व्यायाम करता आला नाही. म्हणून तो गुडघा वाकत नाही.

ताई, मी आधी रडले. मग इतकी संतापले, की यांनाच बोलले. आणि मग आम्ही दोघं हसत सुटलो. आपण दोघी किती शहाण्या बघ. एकीला दुखू नये म्हणून दुसरीने दुखवून घेतलं, आणि शेवटी दोघींचं दुखणं जिथल्या तिथे. हेडबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "दोघींनाही बाकावर उभं केलं असतं, पण तुमच्याने उभं कुठे राहवतं?"

आता माझी हकिकत. दुकान उघडलंय. सकाळचे काही तासच, आणि दोन गिऱ्हाइकांच्या मधे मी सक्तीने आडवी होते. यांनी मला चाकांचं उंच स्टूल करून दिलंय, बसून खुर्चीभोवती फिरता येतं. पहिल्या दिवशी वेग जरा जास्त झाला आणि मी टपालवाल्याचा कान कापता कापता राहिले. आता ब्रेक बसवलाय. पाण्यातल्या व्यायामाला जाते. तिथे सगळे माझ्यासारखेच वाकडेतिकडे, पाण्यात मात्र राजहंस. एक निवृत्त न्यायाधीश आहेत, ते फुगवलेल्या नळीवर बसून तरंगतात आणि सगळ्यांना शिस्त लावतात.

वाईट दिवस असतातच. मंगळवारी उठताच आलं नाही. पूर्वीचं पाकीट हाताशी असतं तर घेतलं असतं का? घेतलं असतं. तुझ्याशी का लपवू? त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी काय काय करायला सांगितलं ते केलं, पाठीखाली उशा लावून पडून राहिले. दुखत राहिलं. संध्याकाळी कमी झालं. चांगला दिवस आला की चार. कालचा दिवस चांगला होता, काल मी पाच डोकी कापली आणि जिना गाणं म्हणत चढले. यांनी वरून विचारलं, "काही घेतलंस का?" मी म्हटलं, "तुमचं सूप." तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

आता तुझं. डॉक्टरीणबाईंना तुझी सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, पण लावावासा वाटला असणार. म्हणाल्या, गुडघा अजून सोडवता येईल, पण दुखतंय हे सांगणारं माणूस समोर हवं. तुझी वेळ घेऊन ठेवलीय, पुढच्या बुधवारी. हे सोमवारी तुला घ्यायला येताहेत. कारणं सांगू नकोस. मांजर वकीलबाई सांभाळतील, आम्ही विचारलंय. दुकानामागच्या खोलीत तुझी गादी घातली आहे, म्हणजे जिना नको. महिना-दोन महिने राहा. आपण रोज एकमेकींना सकाळी आकडा सांगू, खरा. मी सात म्हटलं तर तू तुझं नऊ आहे हे दडवून तीन म्हणायचं नाही.

आणि येताना काहीही वाचवून, बाजूला काढून, माझ्यासाठी म्हणून आणू नकोस. तुझे कपडे आणि तुझा गुडघा, एवढंच घेऊन ये. लहानपणी तुला काय दुखत होतं, काय हवं होतं, हे मी कधी विचारलं नाही. तूही विचारू दिलं नाहीस. आता विचारणार आहे, रोज. तुझं ऐकायला मला फार उशीर झाला, पण दोघीही आहोत अजून.

सोमवारी दुपारी दारात बसून राहीन.

तुझी, आता तुझं काहीही विचारल्याशिवाय न घेणारी,
धाकटी